स्विस नाण्यांमध्ये खरं स्पेसिमेन कुठलं आणि नुसतं चकचकीत कुठलं, हे कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले एक कलेक्टर जर्मनीतल्या एका ऑक्शनमधून 1874 च्या सेंट गालन शूटिंग फेस्टिव्हलचं 5 फ्रँकचं चांदीचं नाणं घ्यायच्या विचारात आहेत. विक्रेत्याने त्याला 'स्पेसिमेन', म्हणजे टांकसाळीने खास काळजीने पाडलेलं नाणं, म्हटलंय, किंमत साध्या नाण्याच्या जवळजवळ तिप्पट लावलीय, नाणं कुठल्याच ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे नाणं तपासून त्याचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या, सीलबंद होल्डरमध्ये नाही, आणि फोटोत मात्र आरशासारखं दिसतंय. घ्यावं का? आणि त्यांच्याकडे आधीच असलेल्या स्विस नाण्यांमध्ये एखादं स्पेसिमेन लपलंय का, हे घरबसल्या कसं तपासायचं?

आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. नुसत्या चमकीवर स्पेसिमेनची किंमत देऊ नका. चमक ही शेवटी बघायची गोष्ट आहे. आधी रिम (तोंडावरची उठलेली किनार), मग कड (नाण्याची बाजू), मग डिझाइनचा सगळ्यात उंच भाग, मग अक्षरांच्या पायाशी येणाऱ्या रेषा, आणि हे चारही पटले तरच फील्डचा, म्हणजे चित्राभोवतीच्या सपाट मोकळ्या जागेचा, आरसा बघायचा. मी बर्नजवळ राहतो, शनिवारी इथल्या एका डीलरच्या टेबलावर बसतो, आणि लोक ज्या नाण्यांना स्पेसिमेन म्हणून आणतात त्यातली बहुतेक ही ताज्या डायमधून, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या नव्या ठशातून, निघालेली साधी नाणीच असतात. छान असतात, जपून ठेवण्यासारखी असतात, पण साधी.

आता हा गोंधळ स्विस नाण्यांतच इतका का होतो ते बघू. 1850 च्या कायद्याने स्वित्झर्लंडला एकच चलन मिळालं आणि पहिली नाणी देशात पाडलीच गेली नाहीत, चांदीची पॅरिसला पाडली, त्यावर A आहे, आणि 5, 10 आणि 20 रापेनची (रापेन म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग) स्ट्रासबुर्गला, त्यावर BB. पुढे काम बर्नच्या टांकसाळीकडे आलं, B हे तिचं चिन्ह, आणि आजची इमारत 1906 पासूनची. या सगळ्या काळात टांकसाळ सामान्य लोकांना प्रूफ, म्हणजे पॉलिश केलेल्या डायने कलेक्टरसाठी पाडलेली, नाणी नियमित विकत नव्हती. ते सुरू झालं 1974 ला, तेव्हापासून दरवर्षी सेट निघतात, एक साधा अनसर्क्युलेटेड आणि एक पॉलिश्ड डायचा, ज्याला इथे पोलिएर्टे प्लाटे म्हणतात आणि लिहिताना पीपी. म्हणजे 1974 च्या आधीचं कुणी 'प्रूफ' किंवा 'स्पेसिमेन' म्हणून दाखवलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, की हे कुणासाठी पाडलं असेल? प्रदर्शनासाठी, पाहुण्यांना द्यायला, डिझाइन करणाऱ्यासाठी, टांकसाळीच्या स्वतःच्या संग्रहासाठी. अशी कारणं होती आणि अशी नाणी आहेतही, पण ती थोडी आहेत आणि बहुतेक वेळा त्यांच्याबरोबर कागद नसतो, त्यामुळे पुरावा नाण्यावरच शोधावा लागतो.

अजून एक. 'स्पेसिमेन' हा शिक्का जुन्या स्विस नाण्यांवर आज जो आपण बघतो तो मुख्यतः अमेरिकन ग्रेडिंग कंपन्यांमुळे. एनजीसी आणि पीसीजीएस दोघी एसपी लिहितात, आणि त्याचा अर्थ साधारण असा की नाणं साध्या आणि प्रूफच्या मधलं आहे, खास काळजीने पाडलेलं आहे. इथले जुने डीलर हा शब्द कमी वापरतात, ते म्हणतात एर्स्टअपश्लाग, म्हणजे नव्या डायमधून निघालेल्या पहिल्या काही नाण्यांपैकी एक. हे स्पेसिमेन नव्हे! नवा डाय, साधा प्रेस, साधा ब्लँक (नाणं पाडायची कोरी चकती), साधा दाब, फक्त नंबर लवकरचा. तुमच्या ऑक्शनच्या मूळ जर्मन वर्णनात बघा काय लिहिलंय. तिथे एर्स्टअपश्लाग असेल आणि इंग्रजी पानावर स्पेसिमेन झालं असेल तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. फ्रेंच आणि इटालियन भाषेतल्या कॅटलॉगमध्ये एसपीएल दिसतं, तेही स्पेसिमेन नाही, ती झीज किती झालीय त्याची ग्रेड आहे.

शूटिंग टालरबद्दल, म्हणजे नेमबाजीच्या मेळ्यांच्या अशा नाण्यांबद्दल, जरा नीट सांगतो, कारण तुमचा प्रश्न त्याचा आहे आणि सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. स्वित्झर्लंडमध्ये नेमबाजीचे राष्ट्रीय मेळे भरायचे, आजही भरतात, आणि त्या निमित्ताने 5 फ्रँकची खास नाणी निघायची. 1855 ला सोलोथुर्नपासून 1885 ला बर्नपर्यंत ही मालिका आहे, वजन 25 ग्रॅम, व्यास 37 मिलीमीटर. सोलोथुर्नचं तर मजेशीर आहे, नाणं दिसायला नेहमीचं बसलेल्या हेल्वेटियाचं (स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं) 5 फ्रँकच, फक्त कडेवर मेळ्याचं नाव लिहिलंय, म्हणजे कड न बघणाऱ्याला ते कधी कळणारच नाही. संख्या बघा, सोलोथुर्न फक्त 3,000, सेंट गालन 1874 ला 15,000, बासल 1879 ला 30,000. चलनातल्या नाण्यांच्या लाखांच्या मानाने हे काहीच नाही. इतकी थोडी नाणी पाडायची तर डाय दमत नाही, म्हणजे शेवटचं नाणंसुद्धा बऱ्यापैकी ताज्या डायमधून निघतं. आणि लोकांनी ती आठवण म्हणून विकत घेतली, खिशात फिरवली नाहीत. परिणाम काय, तर शूटिंग टालरमध्ये आरशासारखी फील्ड असलेली साधी नाणी भरपूर मिळतात. एनजीसी अशांना पीएल म्हणजे प्रूफलाइक देते. तेव्हा सेंट गालनचं नाणं आरशासारखं आहे यावरून ते स्पेसिमेन ठरत नाही, ते फक्त चांगल्या अवस्थेत उरलंय एवढंच ठरतं.

डाय का दमतो आणि त्याने चमक का बदलते हे एकदा समजून घेतलं की अर्धी डोकेदुखी जाते. प्रत्येक ठोक्याला ब्लँकचा धातू मधून कडेकडे सरकतो. तो सरकताना डायच्या पृष्ठभागावर घासतो आणि हळूहळू तिथे कडेकडे जाणाऱ्या अतिशय बारीक रेषा पडतात, त्या रेषा मग पुढच्या प्रत्येक नाण्यावर उमटतात. नाणं दिव्याखाली फिरवलं की प्रकाशाचा जो पट्टा गोल फिरतो, सीडीच्या मागच्या बाजूला फिरतो ना तसा, तो या रेषांमुळे. ज्याला आपण मिंट लस्टर म्हणतो ते हेच. डाय नुकताच पॉलिश केलेला असेल तर रेषा नाहीत, म्हणून पट्टा नाही, म्हणून आरसा. काही काळ डाय चालला की आरसा जातो आणि पट्टा येतो. आता बघा, आरसा हा फक्त डायच्या वयाचा आणि पॉलिशचा पुरावा झाला. स्पेसिमेनसाठी टांकसाळीने आणखी दोन गोष्टी केलेल्या असतात, ब्लँक निवडून किंवा घासून घेतलेला असतो आणि दाब जास्त दिलेला असतो, बरेचदा एकाहून जास्त ठोके. या दोन गोष्टींच्या खुणा फील्डवर नाहीत, त्या दुसरीकडे आहेत, म्हणून दुसरीकडे बघायचं.

पहिली जागा रिम. नाणं टेबलावर उभं धरा, रिमचा आडवा छेद कसा दिसतो बघा. साध्या नाण्याची रिम आतल्या बाजूला गोलसर उतरते, बाहेरचा कोपराही थोडा मऊ असतो. जास्त दाबाने पाडलेल्या नाण्यात धातू कॉलरच्या (ठोक्यावेळी ब्लँकभोवती असलेल्या कड्याच्या) कोपऱ्यात पूर्ण भरलेला असतो, त्यामुळे रिम वरून सपाट आणि कोपरे काटकोनात, बोट फिरवलं तर टोचल्यासारखं वाटतं (बोट कडेवरून फिरवा, फील्डला लावू नका). कधीकधी तर धातू डाय आणि कॉलरच्या फटीत शिरतो आणि रिमच्या टोकाला तारेसारखी बारीक धार उभी राहते. ही धार एका बाजूलाच थोडी असेल तर फार महत्त्व देऊ नका, साध्या नाण्यातही डाय थोडा तिरका बसला की होतं. पूर्ण वर्तुळभर, दोन्ही बाजूंना, सारखी चौकोनी रिम हवी. रिमच्या आत मण्यांची किंवा दातांची माळ असेल तर तीही बघा, प्रत्येक दात सुटा, मुळापर्यंत भरलेला, दोन दातांमधली जागा स्वच्छ. साध्या नाण्यात कुठे ना कुठे दात रिममध्ये विरघळलेले दिसतात.

दुसरी जागा कड. ऑक्शनवाले कडेचा फोटो देत नाहीत आणि खरेदी करणारे मागत नाहीत, आणि मला याचं फार वाईट वाटतं कारण स्विस नाण्यात कड फार बोलते. 1931 पासूनचं छोटं 5 फ्रँक घ्या, मेंढपाळाचं चित्र असलेलं, त्याच्या कडेवर DOMINUS PROVIDEBIT आणि 13 तारे आहेत. व्हरेनेलीच्या, म्हणजे 20 फ्रँकच्या सोन्याच्या नाण्याच्या कडेवर 22 तारे. 1947 आणि 1949 च्या व्हरेनेलीवर मात्र ताऱ्यांऐवजी AD LEGEM ANNI MCMXXXI हा मजकूर आहे. अशी उठावाची कड कॉलरमुळे येते, म्हणजे ठोक्याच्या क्षणी धातू जितक्या जोराने बाहेर दाबला गेला तितकी ती अक्षरं पूर्ण उठतात. कडेची अक्षरं टोकापर्यंत भरलेली, सगळीकडे सारख्या उंचीची असतील तर तो चांगला पुरावा. अर्धी अक्षरं पुसट असतील आणि वर फील्ड आरशासारखी असेल तर समजायचं, डाय ताजा होता, दाब नेहमीचाच. हा एकच मुद्दा लक्षात ठेवलात तरी बऱ्याच चुकीच्या खरेद्या टळतील. एक अपवाद, 1985 ते 1993 च्या 5 फ्रँकची कड खोदलेली आहे, उठावाची नाही, तिथे ही कसोटी लावू नका. त्या प्रकारात बनावट नाणी यायला लागली म्हणून 1994 पासून परत उठाव आणला.

तिसरी जागा डिझाइनचा सगळ्यात उंच भाग. ही माझी सगळ्यात आवडती कसोटी आहे कारण तिला फसवणं जवळजवळ अशक्य. ब्लँक पाडायच्या आधी त्यावर बारीक खरवड, खड्डे, घासल्याच्या खुणा असतात. ठोका बसला की धातू डायमध्ये भरतो आणि त्या खुणा मोडून जातात. पण डायमध्ये जी जागा सगळ्यात खोल, म्हणजे नाण्यावर जी सगळ्यात उंच, तिथे धातू कधीकधी पूर्ण पोचत नाही, आणि मग ब्लँकच्या मूळ खुणा तिथे तशाच राहतात. उभ्या हेल्वेटियाच्या नाण्यांवर, जी 1874-75 पासून अर्धा, 1 आणि 2 फ्रँकवर आहेत, तिच्या वस्त्राच्या उंच चुण्या आणि ढालीचा उंच भाग बघा. व्हरेनेलीवर कानाजवळचे केस आणि वेणी. मेंढपाळावर टोपीच्या घड्या आणि केस. 10 पटीच्या लूपखाली, म्हणजे भिंगाखाली, तिथे खडबडीत, वाळूसारखा पोत दिसला आणि बाकी नाणं एकदम ताजं असेल, तर ती झीज नाही, तो कमी पडलेला दाब आहे, आणि असं नाणं स्पेसिमेन असूच शकत नाही, फील्ड कितीही चमकू दे. लोक या खडबडीत भागाला झीज समजतात आणि ग्रेड खाली आणतात, तेही चूक. झिजलेला उंचवटा गुळगुळीत आणि वेगळ्या रंगाचा दिसतो, न भरलेला उंचवटा खरखरीत.

लूप 10 पटीचाच घ्या. जास्त पॉवरचा घेतला की प्रत्येक नाणं खराब दिसायला लागतं. दिवा एकच, टेबल लॅम्प, साधा बल्ब किंवा एक एलईडी, ट्यूबलाइटखाली काही कळत नाही.

चौथी गोष्ट रेषा, आणि इथे संयम लागतो. फील्डवर बारीक रेषा दिसल्या की लोक घाबरतात, साफ केलंय म्हणतात. रेषा दोन प्रकारच्या असतात. डाय पॉलिश करताना डायवर ओरखडे पडतात, ते नाण्यावर उलटे उमटतात म्हणजे उंच उठलेल्या रेषा होतात. आणि नाणं कुणी कापडाने पुसलं तर नाण्यावर खोल रेषा पडतात. लूपखाली दिवा एका बाजूने ठेवून नाणं फिरवलं तर उंच आणि खोल यातला फरक सरावाने कळतो, पण त्याहून सोपी खूण आहे. पॉलिशचा दगड किंवा कापड डायच्या सपाट भागालाच लागतं, अक्षरं डायमध्ये खोल असतात म्हणून तिथे पोचत नाही. त्यामुळे डायच्या रेषा अक्षराच्या पायाशी येऊन थांबतात आणि अक्षराच्या पलीकडे परत सुरू होतात, अक्षराच्या माथ्यावर त्या नसतात. पुसल्याच्या रेषा फील्डवरून सरळ अक्षराच्या डोक्यावर चढतात आणि पलीकडे उतरतात. उठलेल्या डायरेषा खास तयार केलेल्या डायची खूण असू शकतात, पण साध्या कामातही डाय मधूनमधून पॉलिश करायचे, म्हणून याही एकट्या पुराव्याला धरू नका. एवढं मात्र नक्की की या रेषा असतील तर आरसा डायपासून आलाय, नंतर कुणी घासून आणलेला नाही.

घासून आणलेला आरसा हा वेगळा धंदा आहे आणि तो सगळीकडे चालतो. त्याची खूण अक्षरांच्या कोपऱ्यात असते. खऱ्या आरशात फील्ड अक्षराच्या पायापर्यंत सपाट आणि तितकीच चकचकीत असते, अक्षराच्या पोटात, म्हणजे A च्या किंवा R च्या आतल्या बंद जागेतसुद्धा. घासलेल्या नाण्यात कापड त्या कोपऱ्यात शिरत नाही, तिथे मंद, करडी किनार राहते, आणि उलट अक्षरांच्या कडा मात्र गोलसर होतात. प्रतिबिंबही लाटेसारखं हलतं. छापलेला कागद नाण्याशेजारी उभा धरा आणि हळूहळू लांब न्या, अक्षरं किती अंतरापर्यंत वाचता येतात आणि वाकडी होतात का ते बघा. खऱ्या डायच्या आरशात लांब गेल्यावर ती धूसर होतात पण वाकडी होत नाहीत.

आणखी एक गोष्ट जी भारतातल्या कलेक्टरना सहसा माहीत नसते. जर्मन भाषिक भागात जुन्या कलेक्टरांना चांदीच्या नाण्यांवर पारदर्शक लाखेचा हात द्यायची सवय होती, झापोन लाख म्हणतात, काळं पडू नये म्हणून. त्या थराने साधं नाणं ओलं असल्यासारखं चमकतं आणि फोटोत स्पेसिमेन दिसतं. कडेला, अक्षरांच्या कोपऱ्यात पिवळसर साठलेला थर किंवा ब्रशची खूण दिसते का बघा. शुद्ध ॲसिटोनमध्ये ठेवलं की बहुतेक वेळा निघते, चांदीला ॲसिटोन काही करत नाही, पण घासायचं अजिबात नाही आणि नेलपॉलिश रिमूव्हर वापरायचा नाही, त्यात इतर गोष्टी असतात. हवा खेळती ठेवा, जवळ ज्योत नको.

मॅट फिनिशचा विषय वेगळाच. सगळी खास नाणी आरशाची नसतात, काही मुद्दाम वाळूच्या फवाऱ्याने किंवा रसायनाने मंद केलेल्या डायने काढलेली असतात. 1930 च्या दशकातल्या स्मारक नाण्यांत हा प्रश्न येतो, आणि तिथे एक सावधगिरी बाळगा. 1939 च्या झ्युरिकच्या राष्ट्रीय प्रदर्शनाचं 5 फ्रँक बर्नला पाडलं नाही, ते ल लोक्लच्या ह्युगेनँ या मेडल बनवणाऱ्या कंपनीत पाडलं, 60,000 नग. मेडलवाल्यांच्या हाताखालून गेलेल्या नाण्याचा पोत बर्नच्या नाण्याशी ताडून बघायचा नाही, त्याच मालिकेतल्या दुसऱ्या नाण्यांशी ताडायचा. बर्नच्या नाण्यासारखं दिसत नाही म्हणून ते स्पेसिमेन, हा तर्क मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय.

तसाच दुसरा तर्क, की दुर्मिळ आहे म्हणजे स्पेसिमेन आहे. गोंडोची नाणी बघा. वालिस भागातल्या गोंडोच्या खाणीतल्या सोन्यापासून 1893, 1895 आणि 1897 ला 20 फ्रँकची नाणी काढली, प्रत्येक सालाची तीसच्याही आत, आणि खूण म्हणून ढालीवरच्या क्रॉसच्या मध्यभागी एक छोटा क्रॉस आहे. त्यांचं मोल त्या सोन्यामुळे आणि त्या छोट्या क्रॉसमुळे आहे. ठोका कसा होता हा वेगळा प्रश्न, आणि तो प्रत्येक नाण्याला वेगळा विचारावा लागतो. 1896 च्या अर्धा, 1 आणि 2 फ्रँकचंही तेच, त्या सालाची ही नाणी मोजकीच पाडली गेली, तारीख दिसली की कलेक्टरचा श्वास अडकतो, पण तारीख हा ठोक्याचा पुरावा नाही. उलट अशा तारखांवर बनावट किंवा आकडा बदललेली नाणी जास्त येतात.

मिंटमार्क, म्हणजे टांकसाळीचं चिन्ह, नाही म्हणून खास, हेही ऐकायला मिळतं. 1968 ला चांदी जाऊन कॉपर-निकेल आलं तेव्हा काम इतकं होतं की काही नाणी लंडनला पाडून घेतली, त्यांच्यावर B नाही, बर्नच्या नाण्यांवर आहे. आणि 1970 ते 1985 च्या नाण्यांवर B नाहीच. यात स्पेसिमेन काही नाही. 1935 च्या व्हरेनेलीवर सालाआधी L असेल तर तेही प्रत्यक्षात 1945 ते 1947 मध्ये पाडलेलं आहे, 2 कोटींच्या आसपास, आणि बहुतेक तिजोरीतच राहिल्यामुळे ती इतकी ताजी दिसतात की लोक प्रूफ म्हणून विकतात. तो सोन्याच्या भावाचा माल आहे, थोडं वर द्या, जास्त नको.

आपल्याकडे मुंबई आणि कलकत्ता टांकसाळीच्या ब्रिटिश इंडियाच्या प्रूफ रीस्ट्राइक ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल, रिम बघायची सवय तिथे लागलेली असते. फक्त एक फरक, तिथे टांकसाळ जुन्या डायवरून ऑर्डरप्रमाणे काढून द्यायची, त्यामुळे मूळ की नंतरचं हा प्रश्न मोठा असतो. जुन्या स्विस नाण्यांत तो प्रश्न क्वचित, इथे प्रश्न खास की साधं एवढाच.

1974 नंतरचं तुलनेने सोपं आहे म्हणून लवकर संपवतो. पीपी नाण्यात फील्ड काळी दिसेल इतका आरसा आणि चित्र पांढरट, दुधी. साध्या सेटमधल्या नाण्यात सगळीकडे सारखा लस्टर. अडचण येते ती सेट फोडून सुटी केलेली पीपी नाणी पाकिटात किंवा डब्यात इतरांबरोबर पडली की. मग आरशावर केसासारख्या रेषा येतात आणि ते साध्या नाण्यासारखं वाटायला लागतं. तिथे परत रिम आणि ताऱ्यांचे कोपरे बघा, ते लवकर मरत नाहीत. तुमच्याकडे 1974 च्या राज्यघटनेच्या शताब्दीचं 5 फ्रँक असेल तर ते दोन्ही प्रकारांत निघालंय, त्यावर सराव करा, स्वस्तात मिळतं आणि दोन्ही शेजारी ठेवली की हात आणि डोळा तयार होतो. माझा आग्रह आहे की शूटिंग टालरवर पैसे घालायच्या आधी हे करा.

होल्डरबद्दल एक मत. एसपीचं लेबल असलेलं नाणं मी जास्त पैसे देऊन घेतो, पण लेबल वाचल्यावर नाणं बघतो. शूटिंग टालरच्या एकाच प्रकारात पीएल लेबलची आणि एसपी लेबलची नाणी शेजारी ठेवली तर कधीकधी फरक बारीक असतो, आणि होल्डरमुळे कड नीट दिसत नाही, म्हणजे नेमका जो पुरावा हवा तोच झाकलेला असतो. एनजीसीच्या नव्या होल्डरमध्ये कड थोडी दिसते, तेवढी तरी बघा. लेबलवाल्यांच्या हातात नाणं सुटं होतं, आपल्या हातात नाही, हा त्यांचा फायदा मान्य करायला हवा, म्हणून सुट्या नाण्यावर विक्रेत्याने स्वतःच लिहिलेल्या 'स्पेसिमेन' शब्दाला मी त्या लेबलाच्या आसपासही किंमत देत नाही.

आता तुमच्या सेंट गालनबद्दल. विक्रेत्याला लिहा की कडेचे फोटो हवेत, पूर्ण फेरीचे, तीन-चार तुकड्यांत चालतील. रिमचा तिरका क्लोजअप हवा. आणि एका दिव्याखाली नाणं हळू फिरवत घेतलेला व्हिडिओ, स्कॅन नको, स्कॅनमध्ये आरसा काळा आणि लस्टर सपाट होतो, दोन्ही खोटं. व्हिडिओत प्रकाशाचा पट्टा फील्डवर गोल फिरताना दिसला तर विषय संपला, ते साधं नाणं. पट्टा नाही, आरसा आहे, पण रिम गोलसर आहे, तर प्रूफलाइक, साध्या चांगल्या नाण्यापेक्षा थोडं जास्त द्या. रिम चौकोनी, कड पूर्ण, दात सुटे, उंच भाग भरलेला, आणि आरसा अक्षरांच्या पोटातही, हे सगळं जमलं तर मात्र नाणं गांभीर्याने घ्या. तरी तिप्पट किंमत लगेच देऊ नका, विक्रेत्याला विचारा की ग्रेडिंगला पाठवून एसपी आलं तरच ती किंमत, नाहीतर परत घेणार का, आणि उत्तर लेखी घ्या. नाणं पूर्वी कुठल्या ऑक्शनमध्ये होतं तेही विचारा, जुन्या कॅटलॉगच्या फोटोत तोच डाग, तोच ओरखडा सापडला आणि तिथेही खास म्हणूनच विकलं गेलं असेल तर त्याला वजन आहे. चामड्याची जुनी डबी बरोबर आहे एवढ्यावर जाऊ नका, डब्या सुट्या विकत मिळतात.

फोटो आणि व्हिडिओ आले की मूळ फाइली पाठवा, व्हॉट्सॲपवरून नको, त्यात सगळं दाबलं जातं. ईमेलला जोडा किंवा ड्राइव्हवर टाका, आणि कडेच्या फोटोत नाणं कुठून कुठे फिरवलंय ते लिहा.